नसलेल्याचा वाटा

आमचे मास्तर कोणाच्याही घरात शिरले की आधी पिठाचा डबा उघडायचे. पाणी नाही, बसणं नाही, ख्यालीखुशाली नाही. चपला दारात काढायच्या, सरळ स्टोव्हपाशी जायचं, डब्याचं झाकण उचलून आत बघायचं आणि झाकण पुन्हा घट्ट बसवायचं. डबा भरलेला असला तर "जेवायला आहे मी" असं जाहीर करून भिंतीला टेकायचे. तळ दिसत असला तर "आज पोट ठीक नाही" म्हणून निघून जायचे, आणि दिवस मावळायच्या आत त्या घरी कोणाकडून तरी पायलीभर बाजरी पोचायची. लग्न होऊन मी पिंपरीला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं. मी मनात म्हटलं, हा म्हातारा भारीच आगाऊ आहे. ते मत मी पुढेही कधी पूर्णपणे बदललं नाही.

मास्तर मूळचे नगरकडच्या एका खेड्यातले. मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकही तेच. सगळं सोडून म्हातारपणी मुलाकडे पिंपरीला आले. मुलाशी पटलं नाही, म्हणून आमच्या चाळीच्या टोकाला पत्र्याची खोली घेऊन राहिले. आम्हीही बहुतेक नगरचेच. दुष्काळानंतर एकेक करत कंपन्यांत चिकटलेली वीसेक ख्रिस्ती घरं. पुण्याच्या चर्चला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, म्हणून मास्तर आमच्याच खोल्यांतून पाळीपाळीने उपासना घ्यायला लागले. त्यांना पगार नव्हता. घरोघर जेवायचे आणि प्रत्येकीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे. सगळ्यांचंच अन्न त्यांना अळणी लागायचं. त्यासाठी खाकी कोटाच्या खिशात मिठाची पुडी असायची. तो कोट मे महिन्यातही अंगावरून उतरायचा नाही.

त्यांच्या तोंडी एकच पालुपद होतं, "पहिल्या मंडळीत असं नव्हतं." प्रभू गेल्यानंतर सुरुवातीला जे लोक घरांतून जमायचे, त्यांना मास्तर पहिली मंडळी म्हणायचे, आणि त्या लोकांबद्दल ते शेजारच्या वाडीतल्या भाऊबंदांसारखं बोलायचे. कोणी चर्चच्या इमारतीसाठी निधीचा विषय काढला की, "पहिल्या मंडळीने कित्येक पिढ्या एक वीट रचली नाही, आणि तुम्हाला आधी घंटा हवी." कोणी कुरकुरलं की आपल्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, रविवारी माणसं कामावर, उपासना कशी व्हायची, तर, "पहिल्या मंडळीला तरी कुठं रविवारची सुट्टी होती? कामं करून, अंगाचा घाम पुसून यायचे बिचारे."

सगळ्यात जास्त राग त्यांना करिंथच्या मंडळीचा. "करिंथच्या लोकांनी काय केलं ठाऊक आहे ना?" असं खालच्या आवाजात सुरू करायचे, जणू मागच्या आठवड्यातली भानगड. "शेठ लोक लवकर आले. खाऊन पिऊन तट्ट झाले. आणि बंदरावरचे हमाल, घरगडी, सगळी दुसऱ्या पाळीची माणसं दमूनभागून पोचली, तेव्हा टोपली रिकामी! आणि ह्याला म्हणे प्रभुभोजन!" हे सांगताना त्यांचे कान लाल व्हायचे. पहिले काही महिने मला वाटत होतं की हे करिंथ राहुरीच्या पुढे कुठेतरी असेल. एकदा मी नवऱ्याला तिथली एसटी विचारली, तर ते बायबलातलं, समुद्रापारचं गाव आहे असं सांगून त्याने ती गोष्ट चाळभर केली.

करिंथची चूक आमच्याकडे होऊ नये म्हणून मास्तरांनी दोन नियम केले होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एकच भाकरी मोडून वाटून खायची. त्यासाठी लागणारी भाकरी विकतची नाही, कोणा एका घरचीही नाही. जिची पाळी असेल तिने आदल्या दिवशी परात घेऊन घरोघर जायचं आणि प्रत्येक घरचं मूठभर पीठ घ्यायचं. कोणाची बाजरी, कोणाची ज्वारी, कोणाचे गहू, कोकणातल्या एका घरचं तांदळाचं. एकीने एकदा न बघता बेसन घातलं, तेही चाललं. असली भाकरी थापताना हात रडायचे. ती कडांना फुटायची, तव्यावर उलटताना तुकडे पडायला बघायचे. मास्तर मात्र त्या चिरा कौतुकाने बघायचे आणि म्हणायचे, "जमली बरं का."

दुसरा नियम असा की भाकरी मोडण्याआधी ते विचारायचे, "कोण नाही?" म्हणजे आजारी कोण, गावी कोण, पाळीवर कोण. जो नसेल त्याचा वाटा आधी बाजूला निघायचा आणि कोणीतरी तो लगेच घेऊन जायचं. तो गेल्याशिवाय बाकीच्यांनी तोंडात घास घालायचा नाही. पहिल्या मंडळीत असंच करायचे म्हणे. आम्हाला ह्यात फार काही वाटायचं नाही. थेरगावला पायाने अधू झालेली एक म्हातारी होती, तिचा तुकडा पवनेच्या पुलावरून सायकलने जायचा आणि सायकल परत येईपर्यंत आम्ही गाणी म्हणत बसायचो. मास्तर बेसूर होते आणि सगळ्यांत मोठ्याने गायचे.

मग माझ्या नवऱ्याच्या कंपनीत संप झाला.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. चौकशी न करता काही जणांना कामावरून काढलं, त्यात माझ्या नवऱ्याच्या मशीनवरचा जोडीदार होता. नवरा युनियनच्या कमिटीत. गेटसमोर मांडव पडला, पाळ्या लावून माणसं बसू लागली. पगार बंद झाले, वाण्याने उधारीवर तोंड फिरवलं. माझे पिठाचे डबे मीच उघडायचं टाळायला लागले.

माझा धाकटा भाऊ त्याच कंपनीत टेंपररी होता. माझ्या नवऱ्यानेच शब्द टाकून त्याला चिकटवला होता. त्याची बायको पोटुशी, शेवटचे दिवस. साहेबांनी टेंपररी पोरांना निरोप धाडला, आत या, आतच राहा, संप मिटला की कायम करतो. भाऊ एका पहाटे मागच्या भिंतीने आत गेला. आत गेलेली माणसं तिथेच शेडमध्ये झोपायची, तिथेच जेवायची. बाहेर यायची कोणाची छाती नव्हती. गेटवरची पोरं उघड म्हणायची, बाहेर तर येऊ दे, चालत घरी जायचा नाही. आणि बायकोच्या बाळंतपणाला तो आल्याशिवाय राहणार नाही, हे त्या पोरांनाही ठाऊक होतं आणि मलाही. माझ्या नवऱ्याने घरात त्याचं नाव घ्यायचं बंद केलं. मी घेतलं तर ताट सारून उठायचा.

त्या महिन्यात परातीची पाळी नेमकी माझी.

मी घरोघर फिरले. डब्यांचा तळ खरवडून बायकांनी मूठमूठ दिली. भावजय तीन खोल्या पलीकडे राहायची. तिच्या दाराशी मी थांबले तेव्हा बाकीच्या बायका आपापल्या उंबऱ्यात उभ्या होत्या. ती भिंतीला धरत आली, मूठ परातीवर धरली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी परात मागे घेतली नाही. तिने पीठ टाकलं.

समोरची एक जण, नवरा कामावरून काढलेल्यांपैकी, तरातरा माझ्याजवळ आली. "हिचं पीठ घातलंस होय? मग आमचं काढून दे."

"मिसळलं आता," मी म्हटलं. "कसं काढू?"

"ते मला नको सांगूस. कंपनीचं मटण खाणाऱ्याच्या घरचं पीठ आमच्या तोंडात घालतीस!"

भावजय आत गेली आणि तिने कडी लावली. मी घरी येऊन पीठ मळलं. नवरा दारात उभा होता. "ह्या भाकरीला मी हात लावणार नाही," एवढंच बोलला.

रविवारी उपासना आमच्याच खोलीत. लोक आले, पण खोलीच्या मधोमध मोकळी फरशी ठेवून दोन बाजूंना बसले. भावजय उंबऱ्याच्या बाहेर, डोक्यावर पदर घेऊन. गाणी झाली, प्रार्थना झाली. मास्तरांनी भाकरी हातात घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "कोण नाही?"

"थेरगावची आजी," कोणीतरी म्हणालं.

"आणखी?"

सगळे मधल्या मोकळ्या फरशीकडे बघत राहिले. बाहेरून भावजय हळूच म्हणाली, "आमचे हे न्हाईत."

मास्तर माझ्या नवऱ्याकडे वळले. "गेटवर तुझीच पाळी असते ना? त्याचा वाटा तू ने."

नवरा उठून उभा राहिला. "मास्तर, हे उपासनेचं ठिकाण आहे. इथं कंपनी आणू नका."

"कंपनी मी आणली?" मास्तरांचे कान लाल झाले. "मी फक्त कोण नाही ते विचारलं. मी दर वेळी विचारतो."

"त्यानं आमच्या पाठीत सुरा घातला. माझ्या जोडीदाराची पोरं उपाशी आहेत. ते पहिल्या मंडळीत बसत होतं का?"

"बसत होतं," मास्तर म्हणाले. "सुरे घालणारेसुद्धा बसत होते. जेवायला."

"मी नेणार नाही."

मास्तरांनी भाकरी फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "ठेव खुंटीला. उंदीर लागू देऊ नकोस. ही मोडायची वेळ आलेली नाही." आणि ते निघून गेले. कोणालाच काही मिळालं नाही.

त्यानंतरचे दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. स्टोव्हच्या वरच्या खुंटीला ती भाकरी टांगलेली. नवरा जेवायला बसायचा तो तिच्याकडे पाठ करून. मला एकीकडे भाऊ, एकीकडे नवरा, आणि मध्ये ते गाठोडं. पुढच्या रविवारी लोक जमले, मास्तरांनी गाठोड्याकडे पाहिलं, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि नुसती प्रार्थना करून गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. चाळीत धुसफूस सुरू झाली. काही जण म्हणाले, म्हातारा चळलाय, पुण्याहून पाळक आणा. काही म्हणाले, कंपनीनेच त्याला फूस लावली. मलाही राग आला होता. एका माणसाच्या हट्टापायी अख्ख्या मंडळीची भाकरी कशाला अडवायची? मी तसं त्यांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "तुझा डबा रिकामा झालाय. काल मी पाहिला." त्या संध्याकाळी माझ्याकडे ज्वारी आली. कोणी धाडली ते मी विचारलं नाही, कारण पोतं भावजयीच्या घरचं होतं आणि मला ते ओळखू आलं होतं.

एके दिवशी दुपारी मास्तर दारात आले. डबा उघडायला आत आले नाहीत, हे मी पहिल्यांदा पाहिलं. "भाकरी काढ," म्हणाले. "चल माझ्याबरोबर. मला लांबचं दिसत नाही."

"कुठं?"

"ज्याची आहे त्याच्याकडे."

मी गाठोडं खुंटीवरून काढलं. गेटसमोर त्या दिवशी गर्दी होती, कारण भावजयीला सकाळपासून पाठीत दुखत असल्याची बातमी तिथवर पोचली होती. दोन पोरांच्या मुठीत सायकलच्या चेन मी पाहिल्या. मांडवात माझा नवरा बसलेला. मला बघून त्याचा चेहरा उतरला. आम्ही गेटकडे वळलो तसा थेरगावचा पैलवान आडवा आला. तो खरोखरच कुस्त्या खेळलेला, सगळे त्याला पैलवानच म्हणायचे. गेटवर त्याचाच शब्द चालायचा.

"म्हातारबा, गठुड्यात काय हाय?"

"भाकरी."

"कुनाला?"

"आमचा एक माणूस आत आहे. त्याचा वाटा."

"आतल्यांना कंपनी मटण घालती. त्यांना तुमची भाकर कशाला?" मागून कोणीतरी ओरडलं, "पैलवान, चिठ्ठी असंल बघा आत! निरोप चाललाय!"

पैलवानाने गाठोडं हिसकावलं. मी ओरडले. नवरा मांडवातून धावत आला. तोवर पैलवानाने फडकं सोडून ती वाळलेली भाकरी दोन्ही हातांनी कडकन मोडली होती. मग त्या तुकड्यांचे आणखी तुकडे केले, चुरा चाचपून पाहिला. आत काही नव्हतं.

"न्हाई काय," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कसंतरी वाटलेलं दिसलं.

मास्तर आता आकांडतांडव करतील अशी माझी खात्री होती. कान लालबुंद झालेलेच होते. पण ते खाली वाकले, फडकं जमिनीवर पसरलं, पैलवानाच्या हातातले तुकडे एकेक करून त्यावर ठेवले आणि कोटासकट धुळीत मांडी घालून बसले. "माझा हात धजत नव्हता," ते त्याला म्हणाले. "तू मोडलीस. आता राहू देऊन चालायचं नाही." आणि मान वर करून, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोण नाही?"

कोणाला काही कळेना. पोरं एकमेकांकडे बघू लागली. हा प्रश्न तिथे फक्त दोघांना समजला होता, मला आणि माझ्या नवऱ्याला. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. बोलले असते तर तो पुन्हा मांडवात गेला असता, एवढं मला त्याच्या स्वभावावरून ठाऊक होतं.

"माझा मेव्हणा नाही," नवरा म्हणाला.

त्याने वाकून एक तुकडा उचलला आणि गेटकडे चालू लागला. पैलवानाने त्याच्या छातीवर हात ठेवला. "कुठं चाललास? कमिटीचा मानूस तू."

"संप मी सोडलेला नाही. पण ह्या भाकरीत माझ्या घरचं पीठ आहे, त्याच्या घरचं आहे. मला ते वेगळं करता येत नाही, पैलवान. तुला येत असलं तर करून दे."

चेन घेतलेल्या पोरांपैकी एक जण पुढे सरकला. मला वाटलं, आता नवऱ्याचंच डोकं फुटतंय. पैलवानाने नवऱ्याच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग त्याने हात काढला आणि त्या पोराला मागे ढकललं.

गेटच्या गजांपलीकडे भाऊ आला होता. आरडाओरडा ऐकून आला असावा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. नवऱ्याने गजांतून तुकडा पुढे केला. भावाने तो घेतला, पण तोंडात घालेना.

"दाजी, तुमी खाल्ली?"

"आधी तू," नवरा म्हणाला.

भावाने खाल्ली. कडक भाकरी चावताना तो रडत होता, आणि मीही इकडे रडत होते. नवऱ्याने त्याला सांगितलं की कळा सुरू झाल्या की मी सायकल घेऊन येतो, माझ्याबरोबर बाहेर पड, एकटा पडू नकोस.

इकडे मास्तरांनी उरलेले तुकडे मांडवात वाटायला घेतले होते. थेरगावची, मराठवाड्याची, नाना ठिकाणची माणसं ती. कोणी बाबासाहेबांना मानणारा, कोणी माळकरी, कोणी कशालाच न मानणारा. संपाने पोटं खपाटीला गेलेली. म्हाताऱ्याचा मान म्हणून म्हणा किंवा भुकेने म्हणा, त्यांनी घेतलं. पैलवानाने तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "मीठ न्हाई व्हय ह्यात?"

मास्तरांनी खिशातून पुडी काढून त्याला दिली. "मी वर्षानुवर्षं हेच सांगतोय बायकांना," म्हणाले.

परत येताना मी त्यांना विचारलं, "मास्तर, पहिल्या मंडळीत असं बाहेरच्या माणसांना द्यायचे?"

त्यांनी कोटाची धूळ झटकली. मग म्हणाले, "नव्हते देत. बाप्तिस्मा झालेल्यांनाच द्यायचे. बाकीच्यांना आधी बाहेर काढायचे."

"मग आज हे काय केलंत?"

"केलं खरं. करिंथला कळवू नकोस म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा भाऊ नवऱ्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गेटमधून बाहेर आला. मांडवातून शिव्या आल्या, एक दगडही आला, तो चाकाला लागला. पैलवान रस्त्यात उभा राहून सायकल वळणापलीकडे जाईपर्यंत बघत होता. भावाला मुलगी झाली. पुढे संप अर्धामुर्धा मिटला. काढलेल्यांतल्या काहींना परत घेतलं, काहींना नाही. भावाला कोणीच कायम केलं नाही, आणि माझ्या नवऱ्याला कमिटीवर पुन्हा कोणी निवडलं नाही. त्याचा जोडीदार त्याच्याशी फार दिवस बोलत नव्हता. भाऊ आणि माझा नवरा तरी कुठं गळ्यात गळे घालून हिंडले? पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघे एका बाजूला बसले, आणि आदल्या दिवशी समोरच्या खोलीतल्या बाईने परातीत मूठ टाकताना भावजयीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मास्तर म्हणाले, एवढंही पुष्कळ झालं.

मास्तर गेले त्याच्या पुढच्या वर्षी आमची इमारत झाली. घंटाही आली. पुण्याहून तरुण पाळक आले, चांगले होते. पहिल्या प्रभुभोजनाला त्यांनी चकचकीत ताटात पातळ, पांढऱ्या, सगळ्या एकसारख्या चकत्या आणल्या, प्रार्थना केली आणि ताट पुढच्या बाकाकडे नेऊ लागले. मागच्या बाकावरून माझा भाऊ उठला. चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस तो.

"पाळकसाहेब, थांबा. आधी कोण नाही ते विचारा."

पाळकांना काही उमजेना, पण त्यांनी विचारलं, "कोण नाही?"

माझा नवरा बसल्या जागेवरून म्हणाला, "मास्तर नाहीत."

पाळक गोंधळले. गेलेल्या माणसाचा वाटा कुठं नेणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले, का ते मला कळलं नाही. मी उठले, एक चकती रुमालात घेतली आणि बाहेर पडले. मास्तरांच्या पत्र्याच्या खोलीत लातूरकडचं एक बिऱ्हाड नुकतंच आलं होतं. नवरा-बायको, काम अजून मिळालेलं नव्हतं. मी दारात चपला काढल्या. ती पोर लगबगीने पाणी आणायला उठली. मी पाण्याला नको म्हटलं, सरळ स्टोव्हपाशी गेले आणि तिच्या पिठाच्या डब्याचं झाकण उचललं. आत तळ दिसत होता. झाकण लावून रुमालातली चकती द्यायला वळले, तर ती पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होती, आणि ही बाई भारीच आगाऊ आहे, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.